पॉप्लरचे डोळे आणि डुकराची चरबी : एका मलमाचा प्रवास

उत्तर अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मुलांकडून येणाऱ्या भेटवस्तूंमध्ये हल्ली एक नवी वस्तू दिसायला लागली आहे. छोटी पत्र्याची डबी, आत पिवळट-तपकिरी मलम, आणि झाकण उघडलं की मध, लोबान आणि ओलं लाकूड एकत्र केल्यासारखा वास. डबीवर लिहिलेलं असतं ‘बाम ऑफ गिलियड’. जंगलात फिरून पॉप्लर नावाच्या झाडाच्या कळ्या गोळा करायच्या, त्या तेलात मुरवायच्या, मेण घालून घट्ट करायचं आणि डब्यांत भरायचं, असा हा घरगुती उद्योग. त्याचे व्हिडिओही फिरत असतात. मग प्रश्न येतो, ‘डॉक्टर, यात काहीच केमिकल नाही. बाळाच्या इसबावर लावलं तर चालेल ना? आजोबांच्या पायाच्या जखमेवर?’

एका शब्दात उत्तर हवं असेल तर ‘नको’. पण या डबीमागे दोन हजार वर्षांहून मोठी कहाणी आहे. ती समजून घेतली की ‘नको’ का, आणि मग ‘हो’ कुठे म्हणता येईल, हे तुमचं तुम्हालाच कळेल. तेव्हा जरा सवडीने वाचा.

आधी ही कळी म्हणजे काय ते पाहू. फुलाची कळी नव्हे, पानाची. थंड प्रदेशातलं झाड हिवाळ्यात निष्पर्ण होतं, पण पुढच्या वर्षीची पानं त्याने आधीच घडी घालून ठेवलेली असतात. प्रत्येक फांदीच्या टोकाशी आणि जुन्या पानांच्या खुणांशेजारी टोकदार कळ्या असतात आणि त्यांच्यावर खवल्यांचं आवरण असतं. पॉप्लरच्या काही जातींत ही कळी चिकट राळेने माखलेली असते. बोटाने दाबली तर बोटाला केशरी डाग पडतो आणि तो साबणाने जात नाही, तेलाने किंवा स्पिरिटने पुसावा लागतो. बर्फ, बुरशी आणि कीड यांच्यापासून कोवळ्या पानाचं रक्षण करणं हे त्या राळेचं काम. आपला ऊसवाला शेतकरी कांडीवरच्या अशाच कळीला ‘डोळा’ म्हणतो, कलम करणारा माळीही डोळाच भरतो. गंमत म्हणजे मध्ययुगातल्या युरोपी औषधविक्यांनीही लॅटिनमध्ये पॉप्लरच्या कळ्यांना ‘ऑक्युली पोप्युली’, म्हणजे पॉप्लरचे डोळे, असंच म्हटलं आहे.

हे डोळे औषधाच्या दुकानात कधी आले? इटलीतल्या सालेर्नो गावी बाराव्या शतकात वैद्यकाचं मोठं केंद्र होतं. तिथल्या परंपरेतून ‘अँटिडोटेरियम निकोलाय’ नावाचा औषधयोगांचा ग्रंथ तयार झाला. पुढची काही शतकं युरोपातल्या औषधविक्यांचा तो रोजचा आधार होता. छपाई सुरू झाल्यावर १४७१ मध्ये व्हेनिसला तो छापलाही गेला. त्यात ‘उंग्वेंटम पोप्युलिऑन’ नावाचं मलम आहे. उंग्वेंटम म्हणजे मलम आणि पोप्युलिऑन म्हणजे पॉप्लरचं. मुख्य घटक पॉप्लरचे डोळे आणि डुकराची ताजी चरबी. तूप-तेलाची सवय असलेल्या आपल्याला चरबीचं नाव ऐकून कसंतरी होईल, पण तिकडे स्वयंपाकघरात हाताशी असलेला स्निग्ध पदार्थ तोच होता.

पण मलम एवढ्यावर संपत नाही. त्यात अफूच्या झाडाची पानं पडत, मॅन्ड्रेकची पानं पडत, खुरासानी ओवा पडे, कामोणीच्या जातीची वनस्पती पडे. जोडीला बनफशा, लेट्यूस अशा ‘थंड’ मानलेल्या वनस्पती. सर्व रोगांची विभागणी उष्ण-थंड, कोरडं-ओलं अशी करण्याचा तो काळ होता, त्यामुळे आग होणाऱ्या, लाल झालेल्या, ठणकणाऱ्या जागेवर थंड मलम लावायचं, हा विचार आपल्याकडच्या कोणालाही परका वाटणार नाही. तापातल्या डोकेदुखीला ते कपाळावर आणि कानशिलांवर चोळत, झोप येत नसेल तर तळपायांवरही.

इथे एक अडचण होती आणि ती मला या सगळ्या कहाणीतली सर्वात रंजक गोष्ट वाटते. पॉप्लरच्या कळ्या मिळतात हिवाळा सरताना, पानं उमलायच्या आत. बाकीच्या वनस्पती हिरव्यागार होतात उन्हाळ्यात. दोन्ही एकत्र कशा आणायच्या? औषधविक्यांनी उपाय काढला. कळ्या ठेचून चरबीत कालवायच्या आणि ते मिश्रण तसंच भांड्यात ठेवून द्यायचं. दोन-तीन महिन्यांनी इतर पाला मिळाला की तो ठेचून त्यात घालायचा, मग मंद आचेवर शिजवून गाळायचं. फ्रिज नसलेल्या जगात, वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत डुकराची चरबी उघड्यावर! ती खवट व्हायला हवी होती. ती होत नव्हती. शतकानुशतकं हे लोक ते पाहत होते, पण त्यात विशेष काही आहे असं कोणाला वाटलं नाही.

ते लक्षात आलं १८४३ मध्ये. देशां नावाच्या फ्रेंच औषधनिर्मात्याने नोंदवलं की ताज्या चरबीत लोबान किंवा पॉप्लरच्या कळ्यांचा अर्क असेल तर ती नुसत्या चरबीसारखी लवकर खवट होत नाही. तेल-तूप खवट होतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे, आणि काही पदार्थ ही क्रिया रोखून धरतात. अशा पदार्थांना आपण आज अँटिऑक्सिडंट म्हणतो. बिस्किटाच्या पुड्यावर, क्रीमच्या बाटलीवर हा शब्द तुम्ही वाचला असेलच. स्निग्ध पदार्थांतल्या अँटिऑक्सिडंटच्या इतिहासात देशांची ही नोंद अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी मानली जाते. पुढे लोबान घातलेली चरबी हा अनेक मलमांचा अधिकृत पाया झाला.

आता त्या झोप आणणाऱ्या पाल्याकडे वळू. खुरासानी ओवा आणि मॅन्ड्रेक ही धोतऱ्याची भावंडं. धोतरा खाल्लेला माणूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही लक्षणं सांगायला नकोत : घशाला कोरड, चेहरा लाल, बाहुल्या विस्फारलेल्या, आणि डोळ्यांसमोर नसलेली माणसं दिसणं. या वनस्पतींत अॅट्रोपिन, स्कोपोलामिन अशी द्रव्यं असतात. मलमातून ती त्वचेत जात असतील का, अशी शंका कोणाला येईल. जातात. प्रवासात उलट्या होऊ नयेत म्हणून कानामागे चिकटवायचा स्कोपोलामिनचा पॅच आज काही देशांत मिळतो, तो याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे पोप्युलिऑन चोळल्यावर रुग्णाला गुंगी येत असेल, तर ती नुसती श्रद्धा नसणार.

याचीच दुसरी बाजू काळीकुट्ट आहे. सोळाव्या शतकात युरोपभर चेटकिणींचा शोध आणि छळ चालला होता. त्या अंगाला मलम लावून उडत जातात असा समज होता. नेपल्सच्या जांबात्तिस्ता देला पोर्ता या विद्वानाने १५५८ च्या आपल्या ग्रंथात अशा मलमाची कृती दिली आहे. तिच्यात विषारी बचनागाच्या जातीची वनस्पती आहे, काजळी आहे आणि पॉप्लरची पानंही आहेत. म्हणजे दुकानातल्या मूळव्याधीच्या मलमात आणि चेटकिणीच्या मलमात फार अंतर नव्हतं. एक औषधविक्याच्या फळीवर राहिलं, दुसऱ्याच्या नावावर बायका जाळल्या गेल्या.

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात निकोलस कल्पेपर या लोकप्रिय वनौषधी-लेखकाने पोप्युलिऑन बाळंतिणीचं दूध आटवायला उपयोगी असल्याचं लिहिलं आहे. हेही अशक्य नाही, कारण बेलाडोनाचा लेप याच कामासाठी डॉक्टर विसाव्या शतकापर्यंत वापरत होते. पण स्तनावर असं काही लावलेलं असताना बाळ पाजलं तर काय, याचा विचार करा. जुनं ते सौम्य, असं समजणाऱ्यांनी पोप्युलिऑनची जुनी यादी एकदा वाचावी. फ्रान्समध्ये हे मलम अधिकृत औषधकोशात एकोणिसाव्या शतकातही होतं आणि मूळव्याधीच्या ठणक्यावर लोक ते लावत असत. आज घरोघरी बनतं त्यात ही विषारी मंडळी नसतात. फक्त कळ्या, तेल, मेण. हा बदल चांगलाच झाला, पण त्याबरोबर मलमाचा निम्माअधिक गुणही गेला असावा, हे मात्र कोणी सांगत नाही.

आता डबीवरच्या नावाकडे येऊ. गिलियड म्हणजे जॉर्डन नदीच्या पूर्वेकडचा डोंगराळ भाग. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, योसेफाला त्याचे भाऊ विकतात त्या प्रसंगी, गिलियडहून इजिप्तकडे सुगंधी माल नेणारा उंटांचा तांडा येतो. त्या मालात एक राळ आहे, तिचं हिब्रू नाव ‘त्सोरी’. पुढे यिर्मयाच्या ग्रंथात गिलियडमधल्या या औषधाचा उल्लेख दुःखाच्या उद्गारात येतो आणि तिथून ‘गिलियडचं बाम’ हे सर्व दुखण्यांवरच्या उताऱ्याचं नाव होऊन बसलं. त्सोरी नेमकं कोणत्या झाडाचं, यावर अभ्यासकांचा आजही वाद आहे.

ग्रीक-रोमन काळात या प्रदेशाचं प्रसिद्ध झाड होतं ते ज्यूडियाचा बाल्सम, मृत समुद्राच्या काठी जेरिको आणि एन-गेदी इथे वाढवलेलं झुडूप. बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला कॉमिफोरा गिलियडेन्सिस मानतात. कॉमिफोरा हे कुळ आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. आपला गुग्गुळ याच कुळातला आणि हिराबोळही. तेव्हा खरं ‘बाम ऑफ गिलियड’ हवं असेल, तर त्याचं जवळचं नातं पॉप्लरशी नाही, तुमच्या वैद्यांच्या योगराज गुग्गुळाशी आहे!

हा बाल्सम किती महाग होता? थिओफ्रॅस्टस हा ग्रीक वनस्पतिज्ञ लिहितो की तो दुप्पट वजनाच्या चांदीला विकला जाई. मार्क अँटनीने जेरिकोच्या बागा क्लिओपात्राला देऊन टाकल्या आणि मग हेरोद राजाला आपल्याच प्रदेशातल्या त्या बागा तिच्याकडून खंडाने घ्याव्या लागल्या. प्लिनी सांगतो की इसवी सन ७० च्या युद्धात ज्यूंनी ही झुडपं नष्ट करण्याचा प्रयत्न केला, रोमनांनी ती वाचवण्यासाठी झुंज दिली, म्हणजे एकेका झुडपासाठी लढाई झाली. विजयानंतर व्हेस्पासियन आणि टायटस यांनी बाल्समचं झाड रोममध्ये मिरवलं. एन-गेदीच्या प्राचीन सिनेगॉगमध्ये फरशीवर एक लेख आहे. त्यात गावाचं गुपित बाहेर फोडणाऱ्याला शाप दिला आहे. ते गुपित बाल्समच्या लागवडीचं किंवा तेल काढण्याचं असावं, असं अनेक संशोधक मानतात. आपल्याकडे वैदू औषधाचं नाव सांगत नाही, तसंच काहीसं.

पुढे ज्यूडियातली ही लागवड नाहीशी झाली. इजिप्तमध्ये कैरोजवळ मातारियाच्या बागेत ती टिकून होती, सतराव्या शतकात तिथलीही संपली. ज्यूडियाच्या वाळवंटातल्या एका गुहेत १९८० च्या दशकात एक बी सापडलं होतं. जेरुसलेममधल्या हदासा वैद्यकीय केंद्राच्या डॉ. सारा सॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २०१० मध्ये रुजवलं. बी सुमारे हजार वर्षांचं निघालं आणि त्यातून आलेलं झाड कॉमिफोरा कुळातलंच, पण आजच्या कोणत्याही ज्ञात जातीशी न जुळणारं. हे त्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलं. प्रसिद्ध बाल्समसारखा सुगंध त्याला नाही, पण जखम भरण्याशी संबंधित काही द्रव्यं त्यात सापडली. कदाचित हेच त्सोरीचं झाड असेल, असा त्यांचा अंदाज आहे. ‘कदाचित’ हा शब्द त्यांचाच आहे, तो बातम्यांमधून गळून पडला.

माल संपला तरी नाव संपत नाही. खरा बाल्सम मिळेना तेव्हा त्याचं नाव मिळेल त्या सुवासिक राळेला चिकटत गेलं. स्पॅनिश लोकांना मध्य अमेरिकेत एक झाड मिळालं, त्याच्या राळेला ‘पेरूचा बाल्सम’ नाव पडलं. ते झाड मुख्यतः एल साल्वादोरच्या किनाऱ्यावरचं. माल पेरूच्या बंदरातून स्पेनला जाई म्हणून नाव पेरूचं. आणि उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या गोऱ्या लोकांना सुगंधी कळ्यांचे पॉप्लर भेटले तेव्हा त्यांना बायबलचीच आठवण झाली. तेच हे आपल्या डबीतलं ‘बाम ऑफ गिलियड’.

अर्थात त्या कळ्यांचा उपयोग करायला त्यांनी कोणाला शिकवलं नाही. पॅसिफिक किनाऱ्यालगतचे मूळ रहिवासी ही राळ हरणाच्या किंवा अस्वलाच्या चरबीत मिसळून जखमांना आणि फुटलेल्या त्वचेला लावतच होते. म्हणजे दोन खंडांत, एकमेकांचा पत्ता नसताना, लोकांनी एकच कृती शोधली : राळ आणि चरबी. याला कारण साधं आहे. डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. तिला तेल, चरबी किंवा दारूच लागते.

नावाचा बाजार कसा होतो याचा एक नमुना सांगून पुढे जातो. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला १८०० च्या सुमारास सॅम्युअल सॉलोमन नावाचे एक गृहस्थ ‘कॉर्डियल बाम ऑफ गिलियड’ विकत. लावायचं नव्हे, प्यायचं औषध. अर्ध्या गिनीला बाटली, म्हणजे मजुराच्या आवाक्याबाहेर. मुख्य भाग ब्रँडी. अशक्तपणा, उदासी, तरुणपणीच्या ‘चुका’, सगळ्यांवर गुणकारी अशी जाहिरात. आपल्या रेल्वे रुळालगतच्या भिंतींवरच्या जाहिराती आठवा. सॉलोमनसाहेबांनी त्यातून एवढा पैसा केला की ‘गिलियड हाउस’ नावाचा वाडा बांधला. लिव्हरपूलमध्ये त्या भागात गिलियड स्ट्रीट, बाम स्ट्रीट आणि सॉलोमन स्ट्रीट आहेत.

बरं, मग या कळ्यांमध्ये आहे तरी काय? १८२८ मध्ये जर्मनीत बुखनर याने वाळुंजाच्या जातीतल्या विलोच्या सालीतून सॅलिसिन वेगळं केलं. १८३० मध्ये फ्रान्सच्या ब्राकोनो याला पॉप्लरच्या एका जातीच्या सालीत सॅलिसिन आणि त्याचंच भावंड पॉप्युलिन सापडलं. विलो आणि पॉप्लर एकाच कुटुंबातले. सॅलिसिनच्या वाटेने पुढे सॅलिसिलिक आम्ल आणि मग अॅस्पिरिन आलं. म्हणून या मलमाला सर्रास ‘नैसर्गिक अॅस्पिरिन’ म्हणतात. थांबा. सॅलिसिन पोटात गेलं तर आतड्यातले जंतू आणि मग यकृत त्याचं रूपांतर सॅलिसिलिक आम्लात करतात. गुडघ्याच्या कातडीला आतडं नसतं आणि यकृतही नसतं. तेव्हा वरून लावलेल्या सॅलिसिनने अॅस्पिरिनइतकं काम होईल, ही अपेक्षा मला पटत नाही. कळ्यांत दाह कमी करणारी आणि जंतूंना आवर घालणारी इतर द्रव्यं आहेत, प्रयोगशाळेत ती काम करताना दिसतात. जर्मनीत वनौषधींची छाननी करणाऱ्या ‘कमिशन ई’ या सरकारी समितीने पॉप्लरच्या कळ्यांना बाहेरून वापरायला मान्यता दिली : वरवरच्या जखमा, बाहेरची मूळव्याध, हिमदंश आणि उन्हाने भाजलेली त्वचा. त्याच कागदावर पुढची ओळ इशाऱ्याची आहे : ज्यांना पॉप्लर, प्रोपोलिस, पेरूचा बाल्सम किंवा सॅलिसिलेट यांची अॅलर्जी आहे त्यांनी वापरू नये. व्हिडिओत पहिली ओळ असते, दुसरी नसते.

प्रोपोलिस मध्येच कुठून आलं? मधमाश्या पोळ्यातल्या फटी बुजवायला जी राळ गोळा करतात ते प्रोपोलिस. समशीतोष्ण प्रदेशात त्यांचा मुख्य पुरवठादार कोण, तर पॉप्लरच्या कळ्या! (आपली सातेरी माशी ते फारसं गोळा करत नाही, त्यामुळे आपल्याला त्याचं कौतुक नव्हतं. आता टूथपेस्टपासून लिपबामपर्यंत सगळीकडे आहे.) प्रोपोलिसची अॅलर्जी मधपाळांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. १९८० च्या दशकात जर्मन संशोधक ब्योर्न हाउझेन आणि सहकाऱ्यांनी ती नेमकी कशामुळे येते ते शोधलं. कॅफेइक आम्लाचे एस्टर नावाचे काही पदार्थ दोषी ठरले. नाव कॉफीशी मिळतंजुळतं असलं तरी कॉफीतल्या कॅफिनशी त्यांचा संबंध नाही. हे पदार्थ आले कळ्यांमधून. म्हणजे जी राळ चरबीला खवट होऊ देत नाही, कोवळ्या पानाला बुरशी लागू देत नाही, तीच काही माणसांच्या त्वचेला शत्रू वाटते. राळ झाडाने स्वतःच्या बचावासाठी तयार केली आहे, आपल्या गुडघ्यासाठी नव्हे.

ही अॅलर्जी कशी येते ते नीट समजून घ्या, कारण लोक इथेच फसतात. पहिल्यांदा लावल्यावर काहीच होत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या पदार्थाची ओळख पक्की करत असते, त्याला दहा-पंधरा दिवस लागतात, कधी महिने-वर्षं. त्यानंतर कधीतरी लावलं की एक-दोन दिवसांनी खाज, लाली, पुरळ, पाणी येणं सुरू होतं. ‘मी तर सहा महिने वापरतोय, मग आताच कसं?’ असं लोक विचारतात. ते आताच होतं, कारण ओळख आता पूर्ण झाली. एकदा झालेली ओळख शरीर सहसा विसरत नाही. आणि इसबावर लावलेल्या मलमाने आणखी इसब झाला, तर घरच्यांना वाटतं रोग वाढला, म्हणून ते मलम आणखी थापतात. बाळाच्या बाबतीत हे चक्र आठवडेच्या आठवडे चालू शकतं.

त्वचेची भिंत जिथे आधीच मोडलेली असते तिथे अशी ओळख लवकर होते. इसब ही एक जागा, शिरा फुगून पायाला होणारी जुनाट जखम ही दुसरी. आजोबांच्या पायाला राळेचं कोणतंही मलम नको म्हणतो ते यासाठी. मधुमेह असेल तर पायाच्या जखमेवर घरचं काहीच नको, ती डॉक्टरला दाखवायची. ताज्या भाजलेल्या जागेवरही मलम नाही, तूप नाही, टूथपेस्ट नाही. आधी वीस मिनिटं नळाचं वाहतं गार पाणी.

घरगुती मलमांची ही परंपरा मागे का पडली, तर १८७२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी व्हॅसलिनचं पेटंट घेतलं. खनिज तेलातून काढलेलं, रंग नाही, वास नाही, खवट होत नाही, अॅलर्जी जवळजवळ नाही. काव्य शून्य! पण फुटलेल्या त्वचेतलं पाणी उडून जाऊ न देण्याचं काम ते इतकं चोख करतं की डॉक्टर दीडशे वर्षांनंतरही तेच लिहून देतात. पॉप्लरच्या मलमाने टाच मऊ होते तेव्हा श्रेय कळीचं किती आणि तेल-मेणाचं किती, असं मला कोणी विचारलं तर मी बरंच श्रेय तेल-मेणाला देईन. आपल्याकडेही सिक्थतैल म्हणजे मेण आणि तेल, कोकणातलं भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, भेगांवरचं राळेचं मलम, सगळ्यांत स्निग्धता हाच खांब. ‘मलम’ हा शब्दही ग्रीक ‘मालाग्मा’ म्हणजे मऊ करणारं, त्यातून अरबी-फारसी ‘मरहम’ आणि मग आपल्यापर्यंत असा आला आहे. काम शब्दातच सांगितलंय.

परदेशातल्या वाचकांपैकी ज्यांना हौस आहे त्यांना मी अडवणार नाही. कळ्या हिवाळ्याच्या शेवटी, उमलण्याआधी घ्याव्यात, त्याही वाऱ्याने पडलेल्या फांद्यांवरच्या, कारण टोकाची कळी खुडली की फांदीची वाढ खुंटते. सार्वजनिक जंगलात परवानगी लागते का ते आधी पाहा. कळ्या नीट सुकू द्या. ओल राहिली तर तेलात बुरशी येते, तिला राळही आवरत नाही. वजनाने एक भाग कळ्या, चार भाग ऑलिव्ह तेल. गॅसवर थेट न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात तेलाचं भांडं ठेवून मंद उबेवर काही तास, मग गाळायचं. राळ गरम तेलासकट भडकू शकते, तेव्हा गॅसजवळून हलू नका. गाळलेल्या तेलाच्या पाचव्या हिश्शाइतकं मधमाश्यांचं मेण त्यात वितळवा. भांडं जुनं घ्या, ते नंतर पुन्हा पहिल्यासारखं होणार नाही.

वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावून पाहा. खाज किंवा लाली आली तर डबी बंद. काही आलं नाही तरी पुढे कधी येणारच नाही असं नाही, हे वर वाचलंतच. मग टाचा, कोपरं, हात, अशा न फुटलेल्या कोरड्या कातडीला खुशाल लावा. बाळांना नको, उघड्या जखमेला नको, अॅस्पिरिनची अॅलर्जी असलेल्यांना नको. मधपाळाला किंवा प्रोपोलिसची लिपबाम वापरून ओठ सुजलेल्याला तर मुळीच नको. पुरळ आलंच, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना ती डबी बरोबर न्या. पॅच टेस्टमध्ये तिच्यातलंच मलम लावून पाहता येतं.

हे वाचून कोणीतरी विचारणारच, म्हणून सांगून टाकतो : पॉप्लर म्हणजे पिंपळ नव्हे. पानांचा आकार थोडा मिळतो, तेवढंच. वनस्पतिशास्त्रज्ञांनी आपल्या पारसपिंपळाचं लॅटिन नाव ‘पॉप्लरसारखा’ अशा अर्थाचं ठेवलं आहे, त्यानेही घोळ वाढतो. पिंपळाच्या टोकदार लालसर कोंबात राळ नसते, पांढरा चीक असतो, आणि तो त्वचेला चुरचुरतो. पंजाब-हरियाणात प्लायवूडसाठी लावलेला पॉप्लर खरा पॉप्लर आहे, मूळचा अमेरिकी. काश्मीरात त्याच झाडाला ‘रशियन सफेदा’ म्हणतात, आणि त्याच्या उडणाऱ्या कापसाने सर्दी-दमा होतो या समजुतीपायी तिथे न्यायालयाच्या आदेशाने झाडं तोडली गेली. कापूस म्हणजे बियांचे तंतू, त्यांची अॅलर्जी सहसा येत नाही. त्याच दिवसांत गवताचे न दिसणारे परागकण हवेत असतात, नाक त्यांनी वाहतं. पण दिसतो तो कापूस.